एकदाच विचारायचं

४ तारीख, बुधवार

ताईनं आज पुन्हा तेच सुरू केलं. म्हणे आई तिच्याशी बोलते. तोंडानं नाही, हातानं. डाव्या हातानं एकदा दाबलं की ‘हो’, दोनदा दाबलं की ‘नाही’. पक्षाघात होऊन महिना उलटून गेला. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, डोळे उघडे असतात पण कुठे बघतात ते कळत नाही. आणि ही म्हणते, काल आईनं तिला पडदा ओढून घ्यायला सांगितलं.

“कसं सांगितलं?”

“मी विचारलं, ऊन लागतंय का गं? एकदा दाबलं.”

“पण ऊन तिच्या तोंडावरच पडलं होतं ना? तुला दिसत होतं. उत्तर तुला आधीच माहीत होतं.”

“मग? बरोबरच दिलं की तिनं.”

यावर काय बोलायचं? मी कॉलेजात वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवते आणि माझ्या सख्ख्या बहिणीला एवढं समजावता येत नाही. ती पडदे शिवते. दुकान चांगलं चालतं तिचं, आणि गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्याच्या तोंडावरून ओळखते असं तिला वाटतं. तसंच आईच्या हातावरून ओळखते म्हणे.

हट्टाचं भांडण असतं तर सोडून दिलं असतं. पण डॉक्टरीणबाईंनी सकाळी आम्हा दोघींना बाजूला घेऊन सांगितलं की वीस तारखेला दवाखान्याच्या समितीची बैठक आहे. व्यायाम विभागात खाटा मोजक्या. ज्यांना सांगितलेलं कळतं त्यांनाच तिथे आणखी तीन महिने ठेवतात, बोलायला-चालायला शिकवतात. बाकीच्यांना गावाबाहेरच्या शुश्रूषा केंद्रात पाठवतात. तिथे भरवतात, कूस बदलतात, स्वच्छ ठेवतात. शिकवत नाहीत.

“तुम्हाला काय वाटतं, आईंना कळतं?” त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, “हो.” मी म्हणाले, “तपासून सांगते.”

५ तारीख, गुरुवार

पेपर तपासायचा गठ्ठा संपत नाही. अजून एकानं लिहिलंय, ‘यावरून शून्य परिकल्पना खरी आहे हे सिद्ध झाले.’ दोन मार्क कापले. वर्षभर घसा कोरडा करून सांगितलं, असं लिहायचं नाही. आपण आधी धरून चालतो की विशेष काही घडलेलं नाही, दिसतोय तो नुसता योगायोग आहे. ही शून्य परिकल्पना. मग बघायचं, नुसत्या योगायोगानं असं दिसणं किती दुर्मीळ आहे. फारच दुर्मीळ असेल तर योगायोग हा शब्द मागे घ्यायचा. दुर्मीळ नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, ना हे ना ते. गप्प बसायचं. पण गप्प बसणं कुणाला जमतं?

दवाखान्यात गेले नाही. ताईचे तीन फोन येऊन गेले.

८ तारीख, रविवार

आईचं घर रिकामं करायला सुरुवात केली. भाड्याचं घर, मालक किती दिवस थांबणार. भांडी ताईच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला दिली, कपडे अजून तसेच आहेत. खुर्चीवरून मात्र वाजलं.

ती खुर्ची म्हणजे बसस्थानकाच्या चौकशी खिडकीतली. आईनं तिथे तीस वर्षं काढली. ‘अमुक गाडी किती वाजता’, ‘तमुक गाडी कुठल्या फलाटावर’, एवढंच दिवसभर. निवृत्त झाली तेव्हा तिथल्या लोकांनी तीच उंच खुर्ची घरी आणून दिली, आणि ती घरातही खिडकीशी तिच्यावरच बसायची. आईची त्या खिडकीत जरबच होती. एकदा विचारलं तर नीट, सविस्तर सांगणार, सोबत लहान मूल असेल तर पाणी कुठे मिळेल तेही. त्याच माणसानं तेच पुन्हा विचारलं, की बोट पाटीकडे आणि झडप खाली. घरीसुद्धा तेच. जेवायला काय आहे हे दुसऱ्यांदा विचारलं की उत्तराऐवजी दंडाला चिमटा. ताई आणि मी लहानपणी हाफ बाह्यांचे फ्रॉक घालायला घाबरायचो.

तर ताईला खुर्ची ठेवायची होती. संध्याकाळी दवाखान्यात आईच्या खाटेच्या दोन बाजूंना दोघी उभ्या, मधे आई, आणि भांडण खुर्चीवरून. माझा पारा चढला. “कुठे ठेवणार आहेस? पाय मोडकळीला आलाय तिचा. भंगारवाल्याला सांगितलंय मी. आई आता कुठे बसणार आहे तिच्यावर? ती काही परत येत नाही घरी.”

“हळू बोल.”

“तिला काय कळतंय?”

त्यानंतर आईची मान भिंतीकडे वळली आणि मी निघेपर्यंत तशीच होती. सिस्टरना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मानेचे स्नायू ओढले जातात अशा पेशंटचे. त्यांनी उशी बदलून दिली.

९ तारीख, सोमवार

आता रीतसर चाचणी. काम हातात घेतलं की मला जरा बरं वाटतं, नाहीतर नुसती घरात येरझाऱ्या घालते.

शून्य परिकल्पना: आईला प्रश्न कळत नाहीत, हात आपोआप आवळतो. तसं असेल तर हो-नाहीच्या प्रश्नांत निम्मी उत्तरं अशीच बरोबर येतील, नाणं उडवल्यासारखी. चोवीस वेळा विचारायचं. बारा तर नाणंही देईल. किती आली तर योगायोग नाही म्हणायचं? हे आधी ठरवायला हवं, नंतर नाही. नंतर ठरवलं की माणूस आपल्याला हवी तिथे रेघ ओढतो. हिशोब केला. सतरा किंवा जास्त बरोबर येणं नुसत्या नशिबानं शंभरात तीन-चार वेळाच घडतं. म्हणून रेघ सतराला.

ताईला हात धरू देणार नाही. तिला उत्तर माहीत असतं, नकळत तिचाच हात सैल-घट्ट होत असेल. हात सिस्टर धरतील, त्यांना उत्तरं माहीत नाहीत. मी पडद्यामागून प्रश्न वाचीन. प्रश्न आठ, प्रत्येक तीनदा, चिठ्ठ्या टाकून उलटसुलट. चार प्रश्नांचं उत्तर ‘हो’, चारांचं ‘नाही’.

ताईला फोनवर वाचून दाखवलं. “प्रत्येक तीनदा? आईला?”

“एकदा विचारून काय कळणार? शास्त्रात पुन्हा पुन्हाच करून बघावं लागतं.”

“अगं पण आईला तीनदा...”

“ताई, पडदे मी शिवते का तुझे?”

फोन ठेवला तिनं. मला भांडायची हौस नाही, पण प्रत्येक गोष्टीत तोंड घातलं की डोकं फिरतं.

११ तारीख, बुधवार

झाली चाचणी.

सुरुवात चांगली झाली. “तुझा नवरा ड्रायव्हर होता?” सिस्टर म्हणाल्या, “एक.” बरोबर. “तुला तीन मुली आहेत?” “दोन.” बरोबर, आम्ही दोघीच. “तू शाळेत नोकरी करायचीस?” “दोन.” बरोबर. पडद्याआड मी खुणा करत गेले. पुढे मात्र सगळं बिघडत गेलं. “एक.” “एक.” “एक, पण लांब आहे हं हा.” “एक. अहो, केवढ्या जोरात दाबतायत!” शेवटी शेवटी तर सिस्टर हात झटकत म्हणाल्या, “तुमच्या आईंनी नखं रुतवली की मला.”

चोवीसपैकी पंधरा बरोबर.

दोन कमी पडले. ताई म्हणते, पंधरा म्हणजे निम्म्याहून जास्तच की. मी सांगितलं, पंधरा किंवा जास्त शंभरात पंधरा वेळा नुसत्या नशिबानं येतात. सात वेळा करून बघितलं तर एकदा. त्याला दुर्मीळ म्हणत नाहीत. शिवाय चोवीसपैकी एकवीस वेळा उत्तर ‘एक’च आलं. ‘दोन’ फक्त तीनदा, तेही सुरुवातीला. म्हणजे हात आवळला जातो, आकडी येते, बस. ‘हो’च्या प्रश्नांना ते आपोआप बरोबर ठरतं.

“तुला बरं वाटतंय ना आता?” ताई म्हणाली.

कसलं बरं वाटतंय? मला काय आनंद झालाय का? तिला असं का वाटावं ते मला कळत नाही. चाचणी संपल्यावर मला जरा सुटल्यासारखं झालं हे खरं, पण ते परीक्षा संपल्यावर कुणालाही होतं.

१२ तारीख, गुरुवार

डॉक्टरीणबाईंना कागद दिला. त्या घाईत होत्या. “थोडक्यात सांगा.”

“तिला कळत नाही. तपासलं मी.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी पेनानं काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर जिन्यात बसले थोडा वेळ. आज आईशी बोलले नाही. काय बोलणार? वर्तमानपत्र वाचत बसले तिच्या शेजारी. ताई आली की ती बडबडते आईशी, दुकानातलं, भाऊजींचं, शेजाऱ्यांचं. मला ते ऐकवत नाही.

१४ तारीख, शनिवार

ताई आणि मी शुश्रूषा केंद्र बघून आलो. बसमध्ये ताई पुढच्या बाकावर बसली, मी मागच्या. स्वच्छ आहे. लाद्या चकचकीत, खिडक्यांना जाळी, सगळीकडे फिनेलचा वास. दिवाणखान्यात सात-आठ जणांना ओळीनं खुर्च्यांत बसवलं होतं. तिथली बाई आम्हाला त्यांच्याबद्दल सांगत होती, त्यांच्या डोक्यावरून. “हे काही बोलत नाहीत, ह्यांना काही कळत नाही.” तेव्हा त्यांतल्या एका आजोबांनी डोळे मिटले.

ताई म्हणाली, “बघितलंस?”

मी म्हणाले, झोप आली असेल.

माझं कशातच मन लागत नाहीये. चहा ठेवला आणि उतू गेला, दोनदा.

१६ तारीख, सोमवार

लिहून काढायलाच हवं.

तास होता. तेच चाललं होतं, परिकल्पना तपासणं. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘पुरावा मिळाला नाही याचा अर्थ गोष्ट नाही असा होत नाही.’ मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, “मॅडम, म्हणजे शून्य परिकल्पना खरी ठरली का?” नीट सांगितलं. पाच मिनिटांनी तीच मुलगी, तोच प्रश्न. आणि माझ्या तोंडून निघालं,

“एकदा सांगितलं ना! पाटीवर लिहिलंय!”

वर्गात कुणालाच कळलं नाही मी थांबले का. पाटी कुठली? तो फळा होता. बोट फळ्याकडे रोखलेलं, भुवया वर चढलेल्या. आईच उभी होती माझ्या जागी.

वर्ग अर्ध्यावर सोडून स्टाफरूममध्ये आले. पर्समधून चाचणीचा कागद काढला. प्रत्येक प्रश्न पहिल्यांदा कुठे आलाय त्याभोवती खूण केली. आठ खुणा.

आठपैकी सात बरोबर.

उरलेली सोळा उत्तरं म्हणजे दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारलेली. सगळी ‘एक’. समासात माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘लांब’, ‘लांब’, ‘फार जोरात’. आकडी बिकडी काही नाही. ती चिमटे काढत होती! दंड हाताला लागत नव्हता म्हणून सिस्टरचा हात धरला. आणि मी पडद्यामागे उभी राहून त्या चिमट्यांना ‘हो’ म्हणून मोजत होते.

मग हिशोब केला आणि कपाळाला हात लावला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला प्रत्येक वेळी ती एक लांब दाब देणार, त्यातले ‘हो’वाले आठ बरोबर धरले जाणार. पहिल्या खेपेचे आठच्या आठ बरोबर आले असते, एकही चूक नाही, तरी आठ आणि आठ सोळा. रेघ मी सतराला मारली होती. आई त्या परीक्षेत पास होऊच शकत नव्हती. नापास होण्यासाठीच काढलेला पेपर होता तो, आणि काढला मी.

‘तिला कळत नाही. नक्की.’ असं मी बोलले. मुलांचे ज्यासाठी मार्क कापते तेच वाक्य, तोंडी, एका डॉक्टरसमोर. मी फक्त एकाच चुकीला घाबरत होते, कळत नसताना कळतं असं म्हणण्याच्या. ताई उगाच आशा लावून बसेल म्हणून. दुसरी चूक, कळत असताना कळत नाही म्हणायची, ती मी मोजलीच नाही. ती कुणाला भोगावी लागली असती?

ताईनं विचारलं होतं, ‘आईला तीनदा?’ ती पुढे काय म्हणणार होती ते मी ऐकून घेतलं नाही.

१७ तारीख, मंगळवार

सकाळीच ताईला घेऊन डॉक्टरीणबाईंना गाठलं. मागे मागे फिरले त्यांच्या, प्रत्येक खाटेपाशी. शेवटी त्या हसल्या आणि खुर्ची दिली. सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, “आठपैकी सात चांगलंच आहे की. नशिबानं किती वेळा येईल?”

“सात किंवा जास्त, शंभरात साडेतीन वेळा.”

“मग हेच देऊ समितीला.”

ताई आनंदानं उभीच राहिली. आणि मी म्हणाले, “नाही देता येणार.”

ताईचा चेहरा! “आता काय झालं?”

“ही आठ उत्तरं मी आकडे बघून निवडली. आधी ठरवली नव्हती. भिंतीवर कुठेही बाण मारायचा आणि मग त्याच्याभोवती गोल काढायचा, असं होतं ते. सोळा वगळायला मला कारण सापडलं, उद्या कुणालाही काहीही कारण सापडेल. यातून फक्त नवा अंदाज मिळतो, की आईला कळतं आणि ती एकदाच उत्तर देते. तो नव्या प्रश्नांवर तपासायला हवा.”

“तुला हवं ते उत्तर समोर आलंय, तेही घेणार नाहीस?”

“मला हवंय म्हणूनच.”

“आणि त्यात ती नापास झाली तर? तिला त्या दिवशी बरं नसलं तर? झोप आली असली तर?” ताईला रडू फुटलं. “तू तिची मुलगी आहेस की परीक्षक?”

घ्यावं हे आठपैकी सात, द्यावं समितीला, कोण विचारतंय, असं मनात येऊन गेलं. खूप वेळा येऊन गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परवा सकाळी वेळ देते. बारा प्रश्न, प्रत्येक एकदाच. विचारणार त्या, हात धरणार सिस्टर, आम्ही दोघी बाहेर. आधी ठरवलं: बारात दहा किंवा जास्त. नशिबानं ते शंभरात दोनदा येतं. नऊ आले तर नाही.

१८ तारीख, बुधवार

ताईच्या दुकानात बसून प्रश्न काढले. कापडाच्या ताग्यांमध्ये जेमतेम जागा. आणि कोपऱ्यात आईची खुर्ची! पायाला नवी पट्टी ठोकलेली, गादीला निळं कापड.

“ही भंगारात गेली ना?”

“भंगारवाल्याला मी दारातच थांबवलं.” एवढंच म्हणाली आणि सुईत दोरा ओवत राहिली.

प्रश्न काढणं वाटलं तितकं सोपं नाही. डॉक्टरांना उत्तर माहीत नसावं, आईला नक्की माहीत असावं, आणि आम्हा दोघींचं एकमत असावं. ताईनं लिहिलं, ‘तुम्हाला पोहता येतं का?’ उत्तर नाही.

“येतं,” मी म्हणाले. “मला शिकवणार होती.”

“मला म्हणाली होती पाण्याची भीती वाटते.”

बराच वेळ वाद घातला. मग लक्षात आलं की आपल्या आईला पोहता येतं की नाही हे आपल्याला माहीत नाही. प्रश्न खोडला. असे पाच खोडले. तिला हिरवा रंग आवडतो की तो ताई आणायची म्हणून नेसायची? तिचं लग्न ठरवून झालं की तिनं ठरवलं? एकदा विचारलं की नीट सांगणाऱ्या बाईला आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. दुपार टळता टळता बारा जमले. नाणं उडवून क्रम लावला. दोघींनी मिळून चहा घेतला, बऱ्याच दिवसांनी.

१९ तारीख, गुरुवार

दार बंद झालं. आत डॉक्टरीणबाई, सिस्टर आणि आई. आम्ही व्हरांड्यात. ताई बाकावर, मी भिंतीपासून खिडकीपर्यंत आणि परत. एक मावशी लादी पुसत होत्या, त्यांनी दोनदा माझ्याकडे रागानं बघितलं, ओल्या लादीवर माझे पाय उमटत होते.

“बस की जरा,” ताई म्हणाली.

“तू बस.”

“मी बसलेलीच आहे.”

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंच्या हातात कागद, माझ्याकडे उत्तरं. त्या वाचत गेल्या, मी खूण करत गेले. बरोबर. बरोबर. चूक. तिसऱ्यालाच चूक! बरोबर, बरोबर, बरोबर. ताईनं माझा दंड धरला होता. सातवं बरोबर. आठवं चूक. नववं, दहावं बरोबर. दहातले आठ. आता दोन्ही बरोबर यायला हवीत, एक चुकलं की संपलं.

“अकरा. ‘तुमच्या खिडकीला घड्याळ होतं का?’ दोन.”

बरोबर. नव्हतं. लोक वेळ विचारत बसतील म्हणून तिनं लावूच दिलं नव्हतं.

“बारा. ‘धाकटीचा जन्म दवाखान्यात झाला का?’”

त्या थांबल्या. मला वाटलं मुद्दाम थांबल्या, पण त्यांना चष्मा सारखा करायचा होता.

“दोन.”

बसमध्ये झाला होता. बाबांच्या बसमध्ये, वाटेत. आईनं ही गोष्ट एकदाच सांगितली होती.

बारापैकी दहा. ताई मोठ्यानं रडायला लागली, लादी पुसणाऱ्या मावशी धावत आल्या. त्यांना वाटलं आत कुणी गेलं. मी कागदाची घडी घालत होते, ती नीट बसत नव्हती.

डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या, “एक सांगू? तुमच्या आई प्रत्येक प्रश्नाला थोडा विचार करतात. घाई केली की चुकतात.” मग चुकलेल्या दोनांचं काय, असं विचारणार होते. सोडून दिलं. पक्षाघात झालाय तिला, दोन चुकेल नाहीतर काय.

२० तारीख, शुक्रवार

समितीनं तीन महिने दिले. व्यायाम विभाग, खिडकीकडची खाट. ताई भाऊजींना फोन करायला बाहेर गेली आणि आई आणि मी दोघीच उरलो. दिवसाउजेडी, दार उघडं, बाहेर गाड्यांचा खडखडाट.

तिला कळतं. सगळं कळत होतं. म्हणजे त्या रविवारीही.

तिचा डावा हात हातात घेतला. माझा हात इतका घामेजला होता की आधी पदराला पुसला.

“खुर्ची ताईकडे आहे,” मी सांगितलं. “नवी गादी बसवलीय, निळी. भंगारात नाही गेली.”

काही नाही. बरोबरच आहे, हा प्रश्न नव्हता.

मग विचारलं. “त्या दिवशी मी बोलले ते ऐकलंस तू?”

एकदा. अगदी हलकं.

पुढचा प्रश्न तोंडातून निघेना. ताई येईल, सिस्टर येतील, मग राहून जाईल. शेवटी विचारलाच. “आई, रागावली आहेस माझ्यावर?”

वेळ गेला. ती विचार करते, घाई करायची नसते. बाहेर एक गाडी उभी राहिली आणि निघून गेली. मग एकदा दाबलं. म्हणजे हो. मग पुन्हा.

दोन.

एकच उत्तर, एकदाच मिळालेलं. नाणं उडवलं असतं तरी निम्म्या वेळा हेच आलं असतं. शिवाय काल बारांत दोन चुकली होती. यावरून काहीही म्हणता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? वर्गात कुणी असा एका उत्तराचा पुरावा आणला असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. निदान आणखी दोनदा तरी विचारायला हवं होतं.

“खरंच? नाही रागावलीस?”

तिनं नखं रुतवली. चारही. मी ओरडलेच, आणि मग हसू आलं, आणि मग जे आलं ते ताई येईपर्यंत थांबलं नाही.

हे लिहिताना तळहातावर चार खुणा दिसतायत, लाल. दुखतंय अजून. पुन्हा विचारणार नाही.